भिंतीच्या पोटातलं

नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या मुलीच्या डोक्यामागची भिंत समोरच्या माणसाने अचानक कापायला घेतली, तर त्या मुलीने काय करावं? मी खुर्चीतून उडाले आणि फाइल छातीशी धरून थेट दार गाठलं. मशीनचा आवाज थांबला.

"अगो, पलतंस कुटं?" हिराजीशेठ म्हणाले. "बस. तुना न्हाय कापत."

झालं होतं असं, की 'पॅनल कधी बघितलंयस का?' असं त्यांनी विचारलं आणि डिप्लोमाच्या ताज्या ऐटीत मी उत्तर दिलं, 'हो सर, पुस्तकात आहे.' तेवढ्यावर हा माणूस उठला. त्याने टेबलाखालून कटर काढला, प्लग लावला आणि आपल्याच ऑफिसच्या भिंतीत घातला. तळहाताएवढा तुकडा कापून माझ्या हातात ठेवला तेव्हा तो कोमट होता. दोन्ही बाजूंना रंगीत पत्रा आणि मध्ये पिवळसर फोम.

"वर पत्रा, खाली पत्रा, मधी माल. भरलेला पापलेट," ते म्हणाले. "आता मना सांग, बाजारात पापलेट वरनं बघून घेतंस, का कल्ला उघडून?"

"आमच्याकडे मासळी आई आणते," मी चाचरत म्हणाले.

"मग तुझे आयशीला ठेवाची नोकरीला," असं म्हणून त्यांनी मला ड्रॉइंग काढायची नोकरी दिली.

आम्ही नारपोलीचे. आमच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटावर माणसं झोपतात आणि लाइट गेली, लूम थांबले, की दचकून जागी होतात. बाबा महापालिकेत. त्यांच्या मते नोकरी म्हणजे पेन्शन असलेली. बाकी सगळा टाइमपास. भिंतीची गोष्ट ऐकून ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, "प्रज्ञा, जो माणूस स्वतःची भिंत कापतो, तो पगार काय देणार?" पगार वेळेवर मिळाला. पण पुढच्या चार-पाच वर्षांत त्या माणसाने मला इतक्या वेळा हादरवलं, की आजही कुठे कटरचा आवाज आला तर मी आधी दार कुठे आहे ते बघते.

हिराजीशेठ आगरी. खाडीकडची त्यांची भातजमीन गोडाऊनखाली गेली, तशी आजूबाजूच्या सगळ्यांचीच गेली. बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले, वर निवडणुका लढवल्या. ह्यांनी क्रेनची एक गाडी घेतली आणि पॅनलची कामं धरली. कारखान्यातून तयार भिंती आणायच्या, जमिनीवर पट्टी ठोकायची, खाचेत खाच बसवायची, वर छप्पर चढवायचं. सकाळी जिथे म्हशी बसलेल्या असायच्या, तिथे संध्याकाळी ऑफिस उभं. साइट ऑफिस, कोल्ड रूम, गोडाऊनमधल्या केबिनी, काहीही. पहिल्या वर्षी गावाने त्यांना वेड्यात काढलं. "पत्र्याच्या डब्यात कोन ऱ्हाईल?" म्हणणारे तेच लोक नंतर आपल्या गच्चीवर खोल्या टाकून घ्यायला आले.

अंगाने आडवे, पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात करंगळीएवढी जाड चेन. सकाळी असे निघायचे, जणू कुणाच्या साखरपुड्याला चाललेत. संध्याकाळी परत यायचे ते फोमच्या पिवळ्या भुश्शात माखून. पडघ्याच्या अलीकडे हायवेलगत त्यांचं ऑफिस होतं. ते अर्थात पॅनलचंच. आत शिरणारा नवा माणूस आधी कॅलेंडरं बघून थबकायचा. देवांची, सिमेंटवाल्यांची, पतपेढ्यांची, चालू वर्षाची आणि कधीच सरलेल्या वर्षांची. सगळ्या भिंतीभर कॅलेंडरं. 'शेठ फार धार्मिक दिसतात,' असं एका गिऱ्हाइकाने मला हळूच म्हटलं होतं. धार्मिक कसले! प्रत्येक कॅलेंडरमागे एकेक भोक होतं. गिऱ्हाईक आलं की एक तुकडा कापायचा, त्याच्या हातात द्यायचा आणि भोकावर देव टांगायचा. पावसाळ्यात वारा सुटला की गणपती, साईबाबा, शंकर सगळे एकदम फडफडायचे आणि माझ्या टेबलावर पाणी यायचं.

मी एकदा म्हटलं, "शेठ, कापलेले तुकडे पडलेत ना ढीगभर, तेच दाखवा की."

"तो तुकडा मी आनलेला. भिंत मात्र समोर उभी हाय," ते म्हणाले. "माणसाला समोरच्या भिंतीचा कल्ला बघाचा असतो."

माशाच्या ताजेपणाची खूण असलेला हा कल्ला त्यांना सगळीकडे दिसायचा. धामणकर नाक्यावर सोफा घ्यायला गेलो होतो, ऑफिससाठी. मी रंग बघत होते. दुकानदार मखमलीवरून हात फिरवून दाखवत होता. इतक्यात ह्यांनी खिशातून चाकू काढून सोफ्याची बैठक खालून टर्रकन फाडली.  आतून लूमच्या चिंध्यांचा बोळा बाहेर आला, रंगीबेरंगी, दाबून दाबून भरलेला.

"शेठ, ये क्या किया आपने!" दुकानदार ओरडला. "ऊपर से तो मखमल है!"

"वो मेरे को दिखा," हिराजीशेठ शांतपणे म्हणाले. मला वाटलं, आता भांडण होणार. मी पर्स बगलेत घेऊन तयारीत राहिले. पण त्यांनी तोच सोफा टेम्पोत चढवायला सांगितला. वाटेत मी म्हटलं, "चिंध्यांचा सोफा घेतलात? डोळ्यांनी बघून?"

"फाडला कोनी? मीच ना? मग घराला मीच न्हेनार." एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तो सोफा मी नोकरी सोडेपर्यंत ऑफिसात होता आणि त्यावर बसणारा प्रत्येक जण एका बाजूला कलायचा.

त्यांच्या घरात मात्र कटरला बंदी होती. सुगंधाकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बंगला विटांचा बांधून घेतला होता आणि सांगून ठेवलं होतं, की माझ्या भिंतीला हात लावाल तर त्या मशीनने तुमची चेन कापीन. काकी बोलायला तिखट आणि वाढायला सढळ. मी बौद्धांची, पुस्तकं वाचणारी, खाडीच्या माशांतलं काही न कळणारी; तरी त्यांनी मला कधी परकं धरलं नाही. "ह्या पोरीला काटा काढाची अक्कल न्हाय आनि आमची ड्रॉइंगा काढतंय," असं म्हणत त्या स्वतः माझ्या ताटातल्या बोयटाचे काटे काढून द्यायच्या.

त्यांच्या मुलीचं, प्रणालीचं, लग्न मे महिन्यात ठरलं. आगऱ्यांच्या हळदीला अख्खी पंचक्रोशी लोटते. मेमधला उकाडा, शेकडो माणसं, त्यात बँड. हिराजीशेठनी जाहीर केलं, की हळदीचा मांडव पॅनलचा होणार आणि आत गारवा असणार. आम्हाला वाटलं, चार कूलर लावतील. त्यांनी कोल्ड स्टोरेजची मशिनरी आणून बसवली! त्या मशिनरीला माणसं कळत नव्हती. तिला फक्त बटाटे कळायचे.

दुपारी मी पोचले तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत माणसं शालीत गुंडाळून बसली होती. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला आलेल्या धवलारीण आजींचा आवाज थंडीने कापत होता, आणि त्यांनी मध्येच गाणं थांबवून "कोनाची गोदरी हाय का?" असं विचारलं. प्रणाली पाटावर बसलेली, दातांवर दात वाजताहेत, अंगाला हळद. मग बँड सुरू झाला. चहूबाजूंनी पत्रा! पहिल्याच ठोक्याला माझ्या शेजारच्या बाईने दोन्ही कानांवर हात दाबले आणि तिच्या मांडीवरचं पोर किंचाळलं.

"माजी पोर हलदीतच गारठून गेली," काकी ओरडल्या, "तर तुमचा पॅनल घाला तिचे फोटोला!"

मशिनरीचं बटण कुठे ते ठाऊक असलेला मेकॅनिक जेवायला गेला होता. हिराजीशेठनी हात पुढे केला. मग कटर आला. वऱ्हाडाच्या देखत त्यांनी मांडवाच्या भिंतीत एकापाठोपाठ एक खिडक्या पाडायला सुरुवात केली. पत्र्याच्या ठिणग्या, फोमचा भुस्सा, बायकांचा आरडाओरडा. जेव्हा सगळं थांबलं, तेव्हा नवरीपासून बँडवाल्यापर्यंत सगळे पिवळे झालेले होते, आणि कुणाला हळद लागलीय आणि कुणाला फोम, ते सांगता येत नव्हतं. उष्टी हळद घेऊन आलेले नवऱ्यामुलाचे वडील डोळे विस्फारून बघत होते. हिराजीशेठ त्यांच्याजवळ गेले, हातावर भिंतीचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "व्याही, बघून घ्या. मधी काय लपवलेला न्हाय."

त्या लग्नातला नवरामुलगा म्हणजे भूषण. कल्याणकडच्या गावचा, कॉमर्स शिकलेला, दिसायला देखणा, बोलायला गोड. वर्षभरात तो धंद्यात आला आणि खरेदीचं काम त्याच्याकडे गेलं. सासऱ्यांना तो 'मामा' म्हणायचा, मला 'मॅडम', चहा स्वतः आणून द्यायचा. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू? हिराजीशेठ तर त्याला अहो-जाहो करायचे, 'जावईबापू' म्हणायचे. तो ऑफिसात शिरला की स्वतःची खुर्ची सोडायचे. एकदा मी काकींसमोर सहज म्हटलं, की शेठ सगळ्याच गोष्टी उघडून बघतात, पण भूषणदादांनी आणलेल्या मालाचा टेम्पो मात्र नुसता मोजून घेतात. काकी चपापल्या. मग म्हणाल्या, "अगो, जावयाचा कल्ला नसतंय बघाचा. तो पोरीचा अपमान होतंय." आगरी घरांतून जावयाला हिशेब विचारत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. सोफा फाडणाऱ्या माणसाचे एका बाबतीत हात बांधलेले होते आणि ते त्याने आनंदाने बांधून घेतले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पॅनल वरून सगळे सारखे दिसतात. पण पोटात कुणाच्या फोम असतो, कुणाच्या दगडी लोकर. दगडी लोकर म्हणजे दगड वितळवून काढलेले तंतू. हाताला खाजतात, वजनाला जड आणि महाग, पण आगीत पेटत नाहीत. फोम हलका, स्वस्त, गारवा धरून ठेवणारा. कोल्ड रूमला फोमच लागतो. पण हिराजीशेठचा एक नियम होता: जिथं माणूस झोपतो तिथं फोम न्हाय. ह्या नियमापायी हातातली कामं गेलेली मी पाहिली आहेत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "एका गोडाऊनची आग बघितलीय मी. त्याच्या वरल्या खोलीत हमाल झोपायचे." 

पडघ्याच्या पुढे एका मोठ्या गोडाऊनच्या मालकांनी वसतिगृहाचं काम दिलं. गोडाऊनमध्ये पॅकिंग करणाऱ्या मुली आणि बाया शहापूर, मुरबाड, वाड्याकडून यायच्या. त्यांना राहायला जागा. ड्रॉइंग माझी. लांबलचक इमारत, मध्ये पॅसेज, दोन्हीकडे खोल्या, टोकाला स्वयंपाकघर. सगळ्या भिंती दगडी लोकरीच्या. माल भूषणने आणला, जोडणीची माणसंही त्यानेच आणली, काम वेळेआधी उरकलं, रंग सुंदर, आकाशी.

ताबा द्यायच्या दिवशी सकाळी सत्यनारायण होता. पूजेला प्रणाली आणि भूषण बसले. बाया आपापल्या ट्रंका, गाद्या, कुकर घेऊन आल्याच होत्या. जुन्या भाड्याच्या खोल्या त्यांनी सोडल्या होत्या. पूजेनंतर हिराजीशेठचा रिवाज: मालकाच्या हातात भिंतीचा तुकडा द्यायचा. पण त्या दिवशी त्यांनी कटर भूषणपुढे धरला. "आज मान जावयाचा," म्हणाले. भूषणने दाराजवळची जागा निवडली आणि कापलं. करडी लोकर निघाली. मालकांनी हात लावून बघितलं, खाज सुटली, सगळे हसले.

प्रसाद वाटला जात असताना वंदनाताई पुढे आल्या. त्या बायांमधल्या थोरल्या, पॅकिंगवर सगळ्यांना हाकणाऱ्या.

"शेठ, सयपाकघरात धूर कोंडल," त्या म्हणाल्या. "चुलीच्या वर एक भोक पाडून द्या ना. पंखा लावता येल."

"द्या तो मशीन," हिराजीशेठ म्हणाले.

"मामा, उद्या माणूस पाठवतो मी," भूषण घाईने म्हणाला. "कपडे खराब होतील तुमचे."

"माजे कपडे कवा चांगले ऱ्हायलेत?" असं म्हणत ते आत गेले. आम्ही काही जण मागोमाग. कटर भिंतीत शिरला, आणि पहिला भुस्सा उडाला तो पिवळा.

मशीन बंद झालं. हिराजीशेठनी तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग शेजारच्या खोलीत जाऊन कापलं. पिवळा. त्याच्या पुढच्या खोलीत. पिवळा.  ते दर वेळी तुकडा हळूच जमिनीवर ठेवत होते, फेकत नव्हते, आणि तेच मला जास्त भयंकर वाटत होतं. दाराजवळच्या भिंतीत तेवढी लोकर होती.

पुढे जे झालं त्याने मला त्याहून मोठा धक्का बसला. मला वाटलं, आता सगळे भूषणवर तुटून पडतील. कुणीच पडलं नाही. भूषणचा आवाज जराही हलला नाही. तो म्हणाला, "मामा, हा साधा फोम नाही. हा ग्रेडचा आहे. पेटत नाही." त्याने खिशातून लायटर काढून एका तुकड्याला लावला. फोम काळा पडला, धुमसला. लायटर बाजूला केल्यावर विझला. "बघा!"

मालक म्हणाले, "विझतंय की. मग प्रॉब्लेम काय? राहू दे आता, नंतर बघू."

आणि वंदनाताई म्हणाल्या, "शेठ, आमी खोल्या सोडून आलूय. आज कुटं जाऊ पोरींना घेऊन? आमी काय आग लावनार हाव का?" बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. ज्यांना त्या भिंतींत झोपायचं होतं, त्याच म्हणत होत्या, राहू दे.

हिराजीशेठ तडक बाहेर गेले, आपल्या पोरांना हाक मारली आणि कुंपणाच्या पलीकडच्या मोकळ्या माळावर उरलेले पॅनल टाकायला सांगितले. पॅनलची खोली उभी राहायला किती वेळ लागतो? जेवणं उरकेपर्यंत एक खोली उभी होती, तीन भिंती, छप्पर, समोर दार. त्यात त्यांनी गादी टाकायला लावली. दोरी बांधून त्यावर साड्या टाकल्या. पाण्याचा टँकर जवळ आणून उभा केला. "जशा तुमी ऱ्हानार, तसंच," ते बायांना म्हणाले. मला वाटलं, पेटवून दाखवणार. पेटवणारच होते ते. पण ते आत गेले आणि गादीवर मांडी घालून बसले.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमी बोलता पेटत न्हाय. ह्या साडीच्या पदराला लावा लायटर."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मालक "हिराजीशेठ, वेडेपणा करू नका" म्हणत पुढे झाले, तर त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "कोनी हात न्हाय लावाचा मना. आज हितं ह्या पोरी झोपनार व्हत्या. त्या झोपतील तर मीबी बसंल. लावा, जावईबापू. तुमचा शब्द हाय ना?"

भूषण दारात उभा राहिला.  प्रणाली माझ्या शेजारी होती, अंगावर पूजेचा शालू. मला वाटलं ती वडिलांकडे धावेल. ती धावली नाही. ती वडिलांकडे बघतसुद्धा नव्हती. नवऱ्याच्या हाताकडे बघत होती.

त्या हातात लायटर पेटला. मी स्वतः बघितलं. भूषण वाकला, ज्योत पदरापाशी नेली. हिराजीशेठनी डोळे मिटले नाहीत. मग ज्योत विझली. वाऱ्याने विझली की त्याने अंगठा काढला, हे मला सांगता येणार नाही. मी खूप वेळा आठवून बघितलंय. भूषण तिथेच उंबऱ्यावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. "बाहेर या मामा," तो म्हणाला. "पेटतो तो. बाहेर या."

भर लोकांत जावई रडतोय, हे त्या गावाने कधी बघितलं नव्हतं. हिराजीशेठ गुडघ्यावर हात टेकून उठले, त्याला ओलांडून बाहेर आले, त्याला दंडाला धरून लांब नेऊन उभं केलं. परत येऊन त्यांनी पदर पेटवला.

आधी काहीच नाही. साडी जळली, गादी धुमसली. कुणीतरी मागून म्हणालंसुद्धा, "काय होत नाय." मग गादीच्या ज्वाळा वर चढून कापलेल्या कडेला भिडल्या आणि आतून असा आवाज आला की आम्ही सगळे मागे सरलो. पत्रे फुगले, त्यांच्या सांध्यांतून काळा धूर सुटला, आणि बघता बघता दाराच्या जागी नुसती आग होती. आत माणूस असता तर एक बिडी ओढून होईपर्यंतसुद्धा तो उरला नसता. वंदनाताईंनी शेजारच्या मुलीला पोटाशी धरलं होतं आणि त्या पुन्हा पुन्हा वळून त्या सुंदर आकाशी इमारतीकडे बघत होत्या.  

टँकरने विझवलं. धुराने दोन दिवस माझा घसा धरला होता. त्या संध्याकाळी सगळ्या बाया ट्रंका-गाद्यांसकट हिराजीशेठच्या बंगल्यावर गेल्या. सुगंधाकाकींनी दारात उभं राहून आधी नवऱ्याच्या पांढऱ्या कपड्यांवरची काजळी बघितली, मग बायांची रांग बघितली. कुणी काही सांगायच्या आत त्या आत वळल्या आणि मोठा टोप चुलीवर चढवला. शेठ त्या खोलीत मांडी घालून बसल्याची गोष्ट त्यांना दुसऱ्या दिवशी बाजारात कळली. तेव्हा त्या घरी येऊन नवऱ्याशी महिनाभर एक शब्द बोलल्या नाहीत.

इमारत उतरवली. सगळे फोमचे पॅनल काढून बाजूला रचले, ते पुढे कोल्ड रूमच्या कामांना गेले. क्रेनची गाडी विकली गेली. त्या पैशात नवा माल आला, तो टेम्पोतून उतरवायच्या आधी हिराजीशेठनी एकेक पॅनल करून बघितला. वसतिगृह उभं राहिलं, बाया राहायला गेल्या. गावाला वाटत होतं, जावयाला हाकलून देतील. पण इमारत उतरवायच्या पहिल्याच सकाळी भूषण पाना घेऊन आला, सगळ्यांत पुढे चढला, आणि शेठ त्याला काही बोलले नाहीत. अहो-जाहोसुद्धा तसंच चालू राहिलं. मी मनाशी म्हणायचे, काय जबरदस्त माणूस आहे! जावयाला ओळखून होता. तो पेटवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असल्याशिवाय का तो आत बसला असेल?

मला नाशिकला नोकरी लागली. बाबांना हवी होती तशी, पेन्शनची. शेवटच्या दिवशी काकींनी सुकटीचा डबा दिला. हिराजीशेठ मला हायवेच्या कडेपर्यंत सोडायला आले. त्यांची गाडी तिथेच उभी होती, त्यांना साइटवर जायचं होतं. मी म्हटलं, "शेठ, एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला खात्री होती ना, भूषणदादा पेटवणार नाहीत म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेष्टा करतील असं मला वाटलं होतं.

"न्हाय गो," ते म्हणाले. "मना वाटलं, पेटवतील."

 एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. त्या आवाजावर मी ओरडले, "मग बसलात कशाला?"

"त्यांचेशी पोरीचं लगीन मीच लावून दिलेला ना."

एवढं बोलून ते गाडीकडे गेले, पुढचं दार उघडून आत बसले. स्टिअरिंगवर भूषण होता. त्याने मला हात केला, नेहमीसारखा, मग शेजारी वाकून बघत म्हणाला, "मामा, बेल्ट."

हिराजीशेठनी बेल्ट लावला. भूषणने आरशात मागे बघितलं आणि गाडी सावकाश हायवेवर काढली.